ब्रेकर किती वाजता थांबणार?

परवा रात्री आईला व्हिडिओ कॉल लागला तेव्हा तिकडे दीड वाजला होता आणि ती जागीच होती. दादरला बिल्डिंगसमोरचा रस्ता काँक्रीटचा करतायत, ब्रेकर, म्हणजे रस्ता फोडायचं मशीन, सुरू झाला की मांडणीवरची स्टीलची भांडी थरथरतात, तिने फोन तिथे नेऊन मला ऐकवलं. मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं तर दादा म्हणाला, दिवसा खोदलं तर ट्रॅफिकची वाट लागते, चांगले रस्ते हवेत तर थोडं सोसा, आणि लंडनमध्ये बसून तुला बोलायला काय जातंय.

ट्रॅफिकचं त्याचं बरोबरच आहे. इथेही रात्री रस्त्याची कामं होतात. मार्चमध्ये आमच्या कोपऱ्यावरचं जुनं डांबर खरवडायचं होतं तर दहा दिवस आधी दारात पत्र पडलं, कुठल्या रात्री काम, खरवडायचं मशीन 11 ला बंद, नंतर फक्त नवं डांबर आणि रोलर, खाली साइटवरच्या माणसाचा नंबर. दुसऱ्या रात्री सव्वाअकरापर्यंत चालूच होतं, मी फोन केला, दहा मिनिटांत थांबलं. रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांचाही तो डोक्यात जाणारा टीं टीं नव्हता, खस्स खस्स असा आवाज, तो लांब जात नाही. इथल्या 1974 च्या प्रदूषण नियंत्रण कायद्यात कलम 61 आहे, कंत्राटदार आधी स्थानिक कौन्सिलची संमती घेऊ शकतो, त्यात तास, यंत्रं, आवाज कमी करायचे उपाय सगळं लिहिलेलं असतं, आणि माहीत असून मोडलं तर गुन्हा.

आपला नियम तर याहून कडक आहे! ध्वनिप्रदूषण नियमांच्या 2010 च्या दुरुस्तीनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायचीच नाहीत. पण काम रात्रीच होणार हे सगळेच धरून चालतात, मग बंदी कागदावर राहते आणि चालू कामाला अट अशी कुठलीच लागत नाही, मला हाच खरा घोटाळा वाटतो. मुंबईच्या भुयारी मेट्रो 3 च्या वेळी 2017 ला हायकोर्टाने दक्षिण मुंबईतलं रात्रीचं काम थांबवलं, 2018 ला परत परवानगी दिली, म्हणजे लोकांना कोर्टात जावं लागलं तेव्हा कुठे रात्रीच्या आवाजावर कोणी बसून विचार केला. गल्लीतल्या रस्त्यासाठी कोण जाणार कोर्टात?

फोडायचं काम 10 च्या आत उरका, काँक्रीट ओतायचं ते रात्री ओता, आणि गेटवर नंबर लावा जो कोणीतरी उचलेल. आई 74 वर्षांची आहे, काम बंद करा असं ती एकदाही म्हणाली नाही, ती रोज एवढंच विचारते की आज ब्रेकर किती वाजता थांबणार, आणि हे सांगणारं तिथे कोणी नाही.