जमीन उपसमिती

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाने एक जुनी इमारत विकत घेतली आणि हॉलला लाकडी जमीन करायचं ठरवलं. त्यासाठी नेमलेल्या उपसमितीचं प्रमुखपद माझ्याकडे आलं, कारण त्या बैठकीला मी नव्हतो. आमच्याकडे गैरहजर माणसाची निवड नेहमी एकमताने होते.

लाकूड कच्चं घ्यायचं, हे आधीच ठरलं होतं. तयार पॉलिशच्या पट्ट्या झटपट बसतात, पण त्यांच्यामध्ये बहुतेक वेळा बारीकशी खाच राहते आणि दिवाळीची रांगोळी तिथे होळीपर्यंत मुक्काम ठोकते. कच्च्या पट्ट्या आधी ठोकायच्या, मग मशीनने घासून सगळी जमीन एकसपाट करायची, मग रंग, मग पॉलिश. अनवाणी नाचणाऱ्यांची चैन. त्रास एवढाच की पायरीगणिक नवा निर्णय, आणि निर्णयागणिक आम्ही सात जण.

आमच्यातले एक काका चंद्रपूरकडचे. "सागवान सोडून बाकी सगळं जळाऊ," असं त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं. मी जांका चाचणीचे आकडे पुढे केले. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती पौंड जोर लागतो, ते त्यात मोजतात. हार्ड मेपल १४५०, व्हाइट ओक १३६०, रेड ओक १२९०. साग हजाराच्या थोडा वर. काका बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "गोळीतच खोट असणार."

सांस्कृतिक विभागाच्या ताईंना लेझमीची काळजी. हातातून पडली तर? मी म्हटलं, लेझमीचं सोडा, टोकदार टाचेचे सँडल घालून कोणी फुगडीला उतरलं तर मेपलसुद्धा हात जोडेल. हे वाक्य इतिवृत्तात घेऊ नये, असं ठरलं.

लाकडाच्या दुकानात मात्र मजा आली. दुकानदाराने रेड ओकचा बोटभर तुकडा खजिनदारांच्या हातात दिला, एक टोक पाण्याच्या ग्लासात बुडवायला लावलं आणि दुसऱ्या टोकाने फुंकायला सांगितलं. खजिनदारांनी गाल फुगवले आणि पाण्यात खरोखरच बुडबुडे आले! रेड ओकच्या आतल्या नळ्या मोकळ्या असतात. व्हाइट ओकच्या निसर्गतःच बुजलेल्या, म्हणून व्हिस्कीची पिंपं त्याची करतात. हे कळताच इतका वेळ मागे मोबाइल बघत उभे असलेले दोन सभासद पुढे सरसावले आणि व्हाइट ओकची जोरदार बाजू मांडू लागले. खजिनदारांनी दोन्ही भाव विचारले, तुकडा रुमालाने पुसला आणि म्हणाले, "आपल्याला जमिनीत दारू थोडीच साठवायचीय?" रेड ओक पक्का झाला.

मग प्रत. क्लिअर, सिलेक्ट, नंबर वन कॉमन, नंबर टू कॉमन. मजबुतीत सगळ्या सारख्या, फरक फक्त रूपाचा, हे ऐकून खजिनदारांचा चेहरा उजळला आणि ताईंचा पडला. नंबर टूवर गाठी, डाग, सगळंच फार. शेवटी नंबर वन ठरली. मध्यमवर्गीय माणूस दुसरं काय घेणार?

लाकूड आलं, पण लगेच ठोकता येईना. कॉन्ट्रॅक्टरने ओलावा मोजायचं यंत्र आणलं, त्याच्या दोन सुया आधी पट्टीत आणि मग खालच्या प्लायवूडमध्ये खुपसल्या आणि मान हलवली. लाकडाला हॉलची हवा मानवली पाहिजे, नाहीतर हिवाळ्यात हीटर लागला की पट्ट्या आकसून फटी पडतील. काका म्हणाले, "आम्हाला अजून मानवली नाही. आमच्यासाठी कोण थांबलं?"

रंगाची परीक्षा घासलेल्या जमिनीवर झाली. कॉन्ट्रॅक्टरने निरनिराळ्या छटांचे चौकोन रंगवून दिले. रात्री ट्यूबलाइटखाली जो चौकोन निवडला, तो सकाळच्या उन्हात गुलाबी निघाला. रेड ओकचा तो स्वभावच आहे. पुन्हा बैठक, पुन्हा चहा, आणि निर्णय: रंगच नको, नुसतं पॉलिश. तेही पाण्याचं, कारण तेलाचं पुढे पिवळं पडतं आणि त्याचा वास गणपतीपर्यंत जाईल याची हमी कोणी देईना.

जमीन झाली सुंदर, यात वाद नाही. काकांनीसुद्धा चप्पल बाहेर काढली. तेवढ्यात कॉन्ट्रॅक्टरने जाता जाता सांगितलं, की पॉलिश पुरतं कडक होईपर्यंत महिनाभर सतरंजी अंथरायची नाही, आणि पायांना फेल्टच्या चकत्या चिकटवल्याशिवाय एकही खुर्ची आत आणायची नाही. मंडळाच्या खुर्च्या २००, पाय ८००. अध्यक्षांनी टाळ्यांच्या गजरात उपसमितीची मुदत वाढवली.