खिचडी वाढणाऱ्या ताईंना कोण विचारतं?

शाळेच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एक विषय सारखा उकरला जातो: शाळेत मुलं एकमेकांचा छळ करतात, त्याचं काय करायचं? २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्या, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. मग नोव्हेंबरात जयपूरच्या एका शाळेत चौथीतल्या मुलीने जीव दिला. वर्गातल्या छळाच्या तक्रारींकडे शाळेने काणाडोळा केला होता, असं सीबीएसईच्या चौकशीत पुढे आलं आणि ग्रुप पुन्हा पेटला. एक म्हणतो, आमच्या वेळी असली थेरं नव्हती, मार खाल्ला आणि मोठे झालो. (तो कोणाकोणाला मारायचा ते आम्हा सगळ्यांना आठवतं, पण ते असो.) दुसरी सातारा जिल्ह्यात मुख्याध्यापिका आहे. ती वैतागून लिहिते, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, आणि त्यात आता हे. शिकवायचं कधी?

मी न्यू जर्सीतल्या एका प्राथमिक शाळेत लंच एड आहे. मधल्या सुट्टीत कॅफेटेरिया आणि मैदान सांभाळायचं, दुधाची खोकी उघडून द्यायची, सांडलं की पुसायचं. हातात वर्क परमिट आलं आणि मुलं शाळेत जायला लागली की इथल्या बऱ्याच मराठी बायका हे काम धरतात. शाळेच्या उतरंडीत आमचा नंबर अगदी खालचा. तरी शाळा सुरू होताना आम्हालाही बसवून प्रशिक्षण देतात.

त्याला कारण शाळांतल्या छळाविरुद्धचा इथला कायदा. २०१०च्या सप्टेंबरात रटगर्स विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येने राज्य हादरलं, जानेवारी २०११मध्ये कायद्यावर सही झाली आणि पुढच्या शैक्षणिक वर्षापासून तो लागू झाला. छळ पाहिला किंवा खात्रीलायक कळला, तर शाळेच्या प्रत्येक कर्मचाऱ्याने त्याच दिवशी मुख्याध्यापकांना तोंडी सांगायचं आणि शाळा भरते अशा दोन दिवसांत लेखी द्यायचं. पुढची चौकशी तशाच दहा दिवसांत संपवायची. शिक्षक, सेक्रेटरी, कंत्राटी माणसं, आमच्यासारख्या लंच एड, कोणीच यातून सुटत नाही. मी सांगितलेल्या गोष्टीचा कागद होतो आणि तो कोणाला दाबून ठेवता येत नाही.

त्या प्रशिक्षणात काय शिकवतात? मला वाटलं होतं, दोन तास उपदेश ऐकावा लागणार. पण त्यातलं कामाचं फारच साधं होतं. दोन मुलांना आधी वेगळं करा. सगळ्यांसमोर ‘काय झालं?’ विचारू नका, कारण ज्याला त्रास झालाय तो चारचौघांत खरं बोलत नाही. दोघांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ करायला लावू नका. आपल्या शाळांत नेमकं हेच होतं. बाई दोघांचे हात हातात देतात, प्रकरण मिटतं, आणि सुटल्यावर सायकल स्टँडपाशी त्याचा हिशेब होतो.

आणखी एक, जे मला सगळ्यात उपयोगी पडलं: काय वाटलं ते सांगू नका, काय दिसलं ते सांगा. आमच्याकडे तिसरीतली एक मुलगी रोज ट्रे घेऊन एका टेबलापाशी जायची, ‘इथे कोणीतरी बसणार आहे’ ऐकायची, मग दुसऱ्या टेबलापाशी. शेवटी ती बाथरूमला जायची परवानगी मागायची आणि सुट्टी तिथेच काढायची. ना शिवी, ना धक्का. वर्गशिक्षिकेला यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं, ती तेव्हा स्टाफरूममध्ये जेवत असायची. मी फक्त वार, वेळ, टेबल आणि कानावर पडलेलं वाक्य लिहून दिलं. पुढचं काम पुढच्यांनी केलं.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. इथे या तक्रारीला ‘एचआयबी’ (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग, म्हणजे छळ, धमकावणं, दादागिरी) म्हणतात, आणि हे नाव निघालं की दोन्हीकडचे आईबाप वकिलाचा नंबर शोधायला लागतात. हे साधं भांडण की छळ, यावर मोठ्यांचा खल चालतो आणि तोवर ती दोन मुलं एकमेकांशी पुन्हा बोलायलाही लागलेली असतात. त्यातून चौकशीचं काम बहुतेक ठिकाणी शाळेच्या समुपदेशकाकडेच येतं. मुलं जिच्यापाशी मन मोकळं करणार तिनेच जबाब नोंदवायचे! पैशांचंही तेच. अलामुची नावाच्या छोट्याशा गावातल्या शिक्षण मंडळाने आक्षेप घेतला की काम लादलंत, पैसे कुठायत? २०१२च्या जानेवारीत राज्याच्या लवादाने तो मान्य केला, तेव्हा कुठे १० लाख डॉलरचा निधी निघाला. तेव्हा सातारकर मैत्रिणीचा वैताग मला पटतो. आणि गुण येतो तोही बेताचाच. जगभरच्या अशा उपक्रमांचा २०१९मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात छळ साधारण १५ ते २० टक्क्यांनी घटलेला दिसला. चाळीस मुलांच्या वर्गात कोणाचा तरी जाच थांबतो, एवढंच. मला ते थोडं वाटत नाही.

तेव्हा इथले फॉर्म आणि मुदती तिकडे नेऊ नयेत असंच मी म्हणेन. मला खटकतं ते वेगळंच. ऑगस्ट २०२४च्या बदलापूर प्रकरणात आरोपी सफाई कर्मचारी होता. त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर जोर दिला. पडताळणी हवीच. माझ्याही बोटांचे ठसे घेऊनच मला कामावर ठेवलं. पण इथे ठशांनंतर प्रशिक्षण आलं. आपल्याकडे पडताळणी झाली की विषय संपला. शिपाईमामांकडे संशयाने बघायचं ठरलं, पण त्यांनी काय पाहिलं हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

आणि मामा तरी उरलेत कुठे? ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपायांची पदं पुढे रिकामी होतील तशी संपवली आणि त्याऐवजी भत्ता ठरवला. ग्रामीण भागात महिन्याला ५००० रुपये, मुंबई-पुण्यात १००००. अशा पैशांत येणारं माणूस आज आहे, उद्या नाही. ‘शिक्षकेतर कर्मचारी’ म्हणून न्यायालयाने ज्यांना प्रशिक्षण द्यायला सांगितलं, त्यांचं नाव हजेरीपटावर असेलच असं नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत लंच एडचं काम करतात त्या पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. रांगेत कोणाला मागे ढकलतात, कोणाच्या ताटाशेजारी कोणी बसत नाही, ‘तू त्या वस्तीवरचा ना’ हे कोण कोणाला म्हणतं, हे त्यांच्या डोळ्यांदेखत घडतं. न्यू जर्सीच्या कायद्यात वंश, धर्म, अपंगत्व अशी चिडवण्याच्या कारणांची यादी आहे. आपली यादी केली तर जात पहिली येईल, आणि ती आडनाव विचारण्यातून हळूच येते. ताई गावातल्याच असतात, त्यांना ही आडनावं आणि त्यांमागचं राजकारण मुख्याध्यापकांपेक्षा जास्त कळतं. त्या गप्प बसतात, कारण बोलल्या तर महिन्याचं मानधन जाईल याची धास्ती असते. म्हणून नुसतं शिकवून भागणार नाही. ताईंनी सांगितलेलं वहीत नोंदवलं जाईल आणि त्यासाठी त्यांना कोणी काढणार नाही, हे आधी लेखी द्यावं लागेल.

हे सगळं मी मैत्रिणीला लिहिलं. तज्ज्ञ यायचे तेव्हा येतील, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ताई, मामा आणि व्हॅनवाल्या काकांना तूच एक तास घे, असं सुचवलं. तिचं उत्तर लगेच आलं: घेते. पण तुम्हाला प्रशिक्षणाचे तासही पगारी मिळतात म्हणालीस ना? मग माझ्या ताईंना त्या दिवसाचे पैसे कोणत्या खात्यातून देऊ, तेवढं सांग.