दुभती गाय आणि १९११ची लाथ

कोल्टचं १९११ हे पिस्तूल घेऊ नये याची कारणं कुणीही पाच मिनिटांत मोजून दाखवेल. रिकामं पिस्तूलच अकराशे ग्रॅमच्या घरात. मूळ मॅगझिनमध्ये गोळ्या ७. त्याच्या साठ टक्के वजनाचं ग्लॉक पिस्तूल १७ गोळ्या घेतं. एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा, ताण हाताने वाकवून जुळवायचा. सफाईसाठी खोलताना बोट निसटलं तर स्प्रिंग थेट कपाळाकडे येते. आणि हे सगळं १९११ सालच्या रचनेसाठी, जिच्यानंतर पिस्तुलांच्या कित्येक पिढ्या आल्या.

तरी अमेरिकेत डझनावारी कंपन्या आजही हेच पिस्तूल बनवतात आणि ते विकलं जातं. याला अंधभक्ती म्हणून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. मला ते मुळीच पटत नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं आपण म्हणतो, तेव्हा गाय दूध देते हे त्यात गृहीत असतं. नुसत्या लाथा कुणी खात नाही. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की हे पिस्तूल असं काय देतं, जे दुसरीकडे मिळत नाही?

माझं उत्तर एका शब्दात: ट्रिगर.

बहुतेक पिस्तुलांचा ट्रिगर वरच्या पिनीवर झोपाळ्यासारखा झुलतो. बोट त्याला मागे ओढतं तेव्हा तो कमानीत फिरतो, आणि त्या कमानीबरोबर नळीचं तोंडही किंचित हलायला बघतं. १९११चा ट्रिगर झुलत नाही. त्याला मागे चौकटीसारखी एक पट्टी जोडलेली असते, ती मॅगझिनला दोन्ही बाजूंनी वळसा घालून जाते, आणि अख्खा तुकडा टेबलाच्या खणासारखा सरळ मागे सरकतो. हॅमर, म्हणजे घाव घालणारा हातोडा, आधीच मागे ओढलेला असतो. बोटाने फक्त सिअरचं, म्हणजे हॅमरला अडवून धरणाऱ्या खिटीचं, टोक हॅमरच्या खाचेतून सोडवायचं. ती खाच जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच. दोन किलोच्या आसपास दाब, अंगावर येणारी लांबलचक ओढ नाही, आणि गोळी सुटल्यावर बोट केसभर पुढे आलं की ट्रिगर पुन्हा तयार. पिस्तुलाशी नेमबाजाचा खरा व्यवहार होतो तो या एकाच जागी. वजन, आकार, रंग यांची सवय होऊन जाते. ट्रिगर मात्र प्रत्येक गोळीला नव्याने भेटतो. ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या मैदानावर एका हाताने ५० यार्डांवर नेम धरणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे जड धूड सोडलं नाही, ते यासाठी. तिथे वजनही कामाला येतं. जड पिस्तूल धक्का कमी देतं.

आता लाथांकडे येऊ, कारण त्यांच्यातच निष्ठेचं दुसरं कारण दडलेलं आहे.

मार्च १९११मध्ये अमेरिकी लष्कराने जॉन ब्राउनिंगने रचलेलं कोल्ट आणि सॅव्हेज ही दोन पिस्तुलं समोरासमोर ठेवली. प्रत्येकातून ६,००० गोळ्या. सॅव्हेज ३७ वेळा अडलं, कोल्ट एकदाही नाही. मग आज "१९११ अडकतं" ही तक्रार आली कुठून? मला दिसतं ते असं: यातली निम्मी खोड मूळ पिस्तुलाची नाही, प्रेम करणाऱ्यांनी मागून चिकटवलेली आहे. लष्करी १९११ हातात घेऊन हलवलं की थोडं खुळखुळायचं. ती ढिलाई मुद्दाम ठेवलेली होती. चिखल, वाळू, काजळी बसायला जागा हवी म्हणून. नंतरच्या हौशी लोकांना तो खुळखुळाट नको झाला. स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि फ्रेम (खालचा सांगाडा) घासून घट्ट बसवायला लागले, नेम सुधारला, आणि शे-दोनशे गोळ्यांनंतर काजळी साचली की स्लाइड रेंगाळायला लागली.

गोळीचंही तसंच. हे पिस्तूल २३० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे १५ ग्रॅमच्या, गोल नाकाच्या गोळीसाठी आखलेलं आहे. तिच्या जागी पसरट, पोकळ तोंडाची गोळी भरली की तिचा काठ मॅगझिनमधून नळीत नेणाऱ्या चढणीवर अडतो. मग कुणीतरी पॉलिशिंगचं चाक घेऊन ती चढण घासायला बसतं. इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे चांगली पिस्तुलं वाया गेली आहेत. फ्रेमवरची चढण जिथे संपते आणि नळीचं तोंड जिथे सुरू होतं, त्या दोघांमध्ये सुमारे ०.८ मिलिमीटरची पायरी असायलाच हवी. नळीचा काठ फ्रेमच्या मागे यायचा नाही, पुढेच राहायला हवा. दिसायला ती पायरी दोष वाटते, म्हणून हौशी माणूस घासून दोन्ही पृष्ठभाग सलग करतो, आणि आधी क्वचित अडणारं पिस्तूल दर मॅगझिनला अडायला लागतं. फ्रेमचं घासलेलं लोखंड परत येत नाही.

एक्स्ट्रॅक्टरचं वेगळं. तो स्प्रिंगच्या पोलादाचा एक लांब तुकडा. नव्या पिस्तुलांत त्याच्या मागे वेगळी छोटी स्प्रिंग असते. इथे तो स्वतःच स्प्रिंग आहे. ताण कमी पडला तर रिकामी पुंगळी नीट फेकली जात नाही, स्लाइडमध्ये उभी अडकते. ताण जास्त झाला तर स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बंदच होत नाही. तपासणी मात्र घरच्या घरी होते: स्लाइड उतरवा, निकामी डमी काडतुसाची कड त्याच्या आकड्याखाली सरकवा, स्लाइड हलकेच हलवा. काडतूस टिकून राहायला हवं. जोरात झटकल्यावर पडलं तर चालेल. आणि एक सवय कायमची टाळायची: एकच गोळी बोटांनी थेट चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, टाकून त्यावर स्लाइड सोडणं. या रचनेत काडतुसाची कड खालून वर सरकत आकड्याखाली येते. तुम्ही गोळी आधीच आत ठेवली की आकड्याला कडेवरून उडी मारावी लागते. चार वेळा जमतं, मग ताण जातो किंवा आकड्याचं टोक तुटतं. दोष पिस्तुलाच्या नावावर जातो.

मॅगझिनची गोष्ट तर इतकी साधी की सांगायलाही संकोच वाटतो. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा घाला. अडकणं येईल तेव्हा आकडा बघा. बहुतेक वेळा एकच आकडा पुन्हापुन्हा निघतो, कारण त्याचे वरचे ओठ पसरलेले असतात. ते मॅगझिन फेकून द्या, वाकवून सरळ करत बसू नका. स्लाइडला परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग पाच इंची नळीच्या, .४५ इंची गोळीच्या १९११ला १६ पौंडांची. दोन-तीन हजार गोळ्यांनी बदलली की झालं. तीन इंची छोट्या आवृत्त्यांमध्ये मात्र स्लाइड हलकी आणि तिचा प्रवास अपुरा, त्यामुळे मॅगझिनला पुढची गोळी वर ढकलायला वेळ पुरत नाही. छोटं १९११ मी कुणालाही सुचवणार नाही. पाच इंची रचनेतलं गणित तिथे मोडतं आणि ट्रिगरची सगळी पुण्याई त्यात वाहून जाते.

खोलण्याबद्दल एक शब्द. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासायचं, मग नळीच्या तोंडाखालची टोपी अंगठ्याने आत दाबून नळीच्या तोंडाभोवतीचं कडं, म्हणजे बुशिंग, फिरवायचं. टोपीवरचा अंगठा शेवटपर्यंत उचलायचा नाही. स्प्रिंग तिच्याच मागे दबलेली आहे. परत जोडताना स्लाइड-स्टॉप, म्हणजे स्लाइड अडवणारी खिटी, बसवणं हे खरं कसब. त्याचं मागचं टोक एका छोट्या दांडीला दाबून वर जावं लागतं. घाई केली की ते फ्रेमवर घासत जातं आणि ट्रिगरच्या वर कमानीसारखा ओरखडा उमटतो. जुन्या पिस्तुलांच्या बाजारात हा ओरखडा सगळे ओळखतात. किंमत सांगण्याआधी नजर तिथेच जाते. टोक थोडं खाली धरून आत घालायचं, आणि शेवटी सरळ वर ढकलायचं. मध्ये एक जुनं प्लास्टिक कार्ड धरलं तर ओरखड्याचा प्रश्नच येत नाही.

आता बघा, वर लिहिलेल्या प्रत्येक दोषाला नाव आहे, जागा आहे, कारण आहे आणि इलाज आहे. हे निष्ठेचं दुसरं कारण. माणूस ज्या यंत्राला स्वतः समजून घेऊन दुरुस्त करतो, ते त्याचं होतं. दोष नसलेलं यंत्र वापरलं जातं. त्याची ओळख मात्र वरवरचीच राहते. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल रेमिंग्टन रँडने बनवलं, जी टाइपरायटरची कंपनी होती, आणि रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलनेही. अशा कारखान्यांना जमलेली रचना चांगल्या कारागिराला समजण्यासारखी असणारच.

आणि निष्ठावंत कंपनीचं सगळं गोड मानून घेतात असंही नाही. १९८३मध्ये कोल्टने सिरीज ८० आणली, पिस्तूल पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून फायरिंग पिनला अडसर घालणारी. सुरक्षिततेसाठी ती उत्तम गोष्ट. पण तो अडसर ट्रिगरच्या ओढीला जोडलेला होता, आणि बोटाला ते जाणवलं. कित्येक चाहत्यांनी जुन्या सिरीज ७०चीच मागणी लावून धरली. माझ्या मते अडसर ठेवण्यातच शहाणपण आहे. जड पिस्तूल पडतं तेव्हा ते थट्टा करत नाही. पण भांडण कशावरून झालं ते पाहण्यासारखं आहे. नावावर प्रेम करणारे नाव तेच असताना भांडले नसते. हे ट्रिगरवर प्रेम करणारे होते.

ग्लॉकची निष्ठा अगदी उलट्या जातीची, म्हणून थोडक्यात. ऑस्ट्रियन लष्कराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलेलं हे प्लास्टिकच्या फ्रेमचं पिस्तूल. सुटे भाग तीस-पस्तीस, आणि बहुतेक भाग या पिस्तुलातून काढून त्या पिस्तुलात न घासता बसतात. छोट्या ग्लॉक २६ला मोठ्या ग्लॉक १७चं मॅगझिन चालतं. ट्रिगर कुणाला सुंदर वाटत नाही, पण पहिली ओढ आणि सतरावी ओढ सारखीच. मोठा दोष असा की खोलण्यासाठी ट्रिगर ओढावाच लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजणाऱ्याच्या चेंबरमध्ये एक गोळी शिल्लक असते, आणि ती तिथेच सुटते. चेंबर दोनदा तपासणं हा यावरचा एकमेव इलाज. तरी लोक सोडत नाहीत, कारण त्यांच्याकडे सहा मॅगझिनं, दोन होल्स्टर आणि एक मनगट ग्लॉकच्या कोनाला सरावलेलं असतं. त्याचा दस्ता १९११पेक्षा जास्त तिरका आहे. १९११वर वाढलेल्या माणसाने डोळे मिटून ग्लॉक रोखलं की नळी थोडी वर जाते. ब्रँड बदलायचा म्हणजे मनगट बदलायचं, आणि त्याला हजारो गोळ्या लागतात.

आपल्याकडे ग्लॉकचा ९ मिलिमीटर हा नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, त्यामुळे यातलं पुष्कळ अमेरिकेतल्या मराठी मंडळींनाच हाताळायला मिळतं. पण बालेवाडीला, वरळीला किंवा कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर दहा मीटरवाल्यांच्यात थोडा वेळ बसा, हीच निष्ठा .१७७ इंची एअर पिस्तुलांवर दिसेल. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, प्रत्येकाचा एक कंपू. नियम सगळ्यांना एकच: ट्रिगर किमान ५०० ग्रॅम, पिस्तूल जास्तीत जास्त दीड किलो.

मोरिनीच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवर बोट ठेवलेला माणूस यांत्रिक ट्रिगरवर सहजासहजी परतत नाही. कडक काचेची काडी मोडावी तशी ती ओढ तुटते, आणि पुन्हा कॉक न करता कोरड्या, म्हणजे गोळीविना, सरावाच्या शेकडो ओढी घेता येतात. दोषही उघड आहे: सर्किट. टोकियोत २५ जुलै २०२१ला मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं. साठ गोळ्यांना ७५ मिनिटं असतात. त्यातली पंधराहून जास्त दुरुस्तीत गेली. ती ५७५वर थांबली, बारावी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. यांत्रिक ट्रिगरवाल्यांनी तेव्हा जे म्हणायचं ते म्हटलं. पण रेंजवरचे इलेक्ट्रॉनिक ट्रिगर त्यामुळे कमी झाले नाहीत, आणि का नाहीत ते लाकडी ग्रिपकडे बघून कळतं. एपॉक्सी पुट्टी लावायची, हाताचा ठसा घ्यायचा, कानशीने घासायचं, आठवडाभर नेम धरून बघायचं, अंगठ्याखाली पुन्हा अर्धा मिलिमीटर काढायचा. असं सहा-सहा महिने चालतं. ती ग्रिप दुसऱ्या कंपनीच्या फ्रेमवर बसत नाही.

म्हणून नवशिक्याच्या पालकांना एवढंच सांगेन: क्लबची दोन-तीन पिस्तुलं मुलाला महिना महिना वापरू द्या, ग्रिपला कानस लावायची नाही, आणि कुठल्या ट्रिगरवर तो गोळी सुटल्यावर दचकत नाही ते लांबून बघा. पिस्तूल घेतलंत की त्याच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वहीत लिहून ठेवा. मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची बॅटरी स्पर्धेच्या आदल्या रात्री बदलायची नाही. आठवडाभर आधी बदला, तिच्यावर रोज सराव करा, आणि जुनी चालू बॅटरी डब्यात ठेवा.