बारमाही मोहोर

वाशीहून पट्टी आली की आमच्या घरात माणसं एकमेकांशी गोड बोलू लागतात. पट्टी म्हणजे तिथल्या घाऊक बाजारातल्या दलालाकडून येणारा आंब्याच्या हिशोबाचा कागद. इतक्या पेट्या, अमुक भाव, गाडीभाडं वजा, हमाली वजा, उरले ते तुमचे. मार्चअखेर ते मेअखेर ही पट्ट्यांची सुगी. बाकीचे नऊ-दहा महिने देवगडचा बागायतदार श्रीमंत असतो ही मुंबईत उठलेली अफवा.

2019 च्या मेमध्ये पट्ट्या बऱ्या आल्या होत्या आणि नेमका तेव्हाच ठाण्याचा भाचा सुट्टीला आला. भाचा आयटीत आहे. तिसऱ्या आंब्याची बाठ चोखता चोखता त्याने विचारलं, "मामा, तुमचं फायनान्शियल प्लॅनिंग काय?"

"पाऊस," मी म्हटलं.

त्याने हात धुतले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. संध्याकाळपर्यंत माझी एसआयपी निघाली. दर महिन्याच्या 5 तारखेला तीन हजार रुपये माझ्या बँकेतून आपोआप म्युच्युअल फंडात जाणार. त्यासाठी बँकेला द्यायच्या परवानगीला भाचा 'नाच' म्हणत होता. नाचायचं कोणी, एवढं त्याने सांगितलं नाही.

केवायसीसाठी, म्हणजे मी मीच आहे हे पटवून द्यायला, मोबाइलसमोर उभं राहून स्क्रीनवरचे आकडे मोठ्याने वाचायचे होते. रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर. तिथल्या कातळावर उभा राहून मी 'सात, चार, नऊ, एक' असं खणखणीत म्हणत होतो, तेवढ्यात खालच्या वाडीतला एकजण गुरं घेऊन आला. थांबला. मान खाली घालून हळूच म्हणाला, "ओपन काय क्लोज?" चांगल्या घरातला माणूस मटक्याला लागल्याची बातमी दिवेलागणीपर्यंत आईच्या कानावर होती.

अ‍ॅपने मला एकच अवघड प्रश्न विचारला: दरमहा किती शिल्लक राहते? हे यंत्र मला मेमध्ये विचारतंय की नोव्हेंबरात, ते कळेना. भाच्याने मेच्या हिशोबाने आकडा टाकला.

जूनचा हप्ता गेला. जुलैचा गेला. मोबाइलवर हिरव्या अक्षरात रक्कम दिसायची आणि मी ती पावसात सड्यावर छत्री धरून बघून यायचो. ऑगस्टपर्यंत बागेत खतं पडली, कलमांना मोहोरासाठी कल्टार नावाचं औषध घातलं, रान काढायला गडी लागले. 2 सप्टेंबरला गणपती. चाकरमानी आले, म्हणजे सतरा माणसं आणि त्यांची मतं. आरतीला भाचा होताच. "मामा, एसआयपी चालू आहे ना?" म्हणाला आणि सहावा मोदक घेतला. ऑक्टोबरअखेर समुद्रातून 'क्यार' वादळ गेलं, पाऊस रेंगाळला, मोहोर लांबला. राखणीचे नेपाळी मात्र वेळेवर हजर झाले. त्यांचा पगार, फवारणीचं औषध, पंपाचं डिझेल असं करत 5 नोव्हेंबर उजाडली तेव्हा खात्यात अकराशे चाळीस रुपये होते.

सकाळी मेसेज आला. हप्ता परत. दंड पाचशे, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण 590.

मी ते आईला वाचून दाखवलं, ही चूक. आईचा बचतीचा अनुभव दांडगा आहे. ती पोस्टात आरडी भरते, वाडीतल्या बायकांची भिशी चालवते आणि शिवाय तिचे काही पैसे घरात 'असतात'. 2017 च्या मे महिन्यात फणसपोळीचा जुना डबा उघडला तेव्हा तळाशी हजाराच्या चार नोटा निघाल्या होत्या. बाद नोटा बँकेत भरायची मुदत 30 डिसेंबर 2016 लाच संपली होती. त्या विषयावर आमच्याकडे कोणी बोलत नाही. अशा बाईने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"पैसे साठवूक नाय म्हणान दंड? अशी बँक मिया जन्मात बघूक नाय."

"आई, ती पद्धत असते."

"आंब्याक वर्साक एकदा मोहोर येता आणि तुझ्या हप्त्याक म्हयन्याक?"

याला उत्तर नव्हतं. आजही नाही. डिसेंबरची 5 तारीख आली, पुन्हा 590. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला की लागोपाठ तीन हप्ते चुकले तर एसआयपीच बंद होते. माझ्या पोटात गोळा आला. दोन कलमं वाऱ्याने मोडली तेव्हा आला नव्हता. मग मी जे केलं ते आईला अजून माहीत नाही: वाशीच्या दलालाला फोन लावून वीस हजारांची उचल घेतली. उचल घेतली की येणारा आंबा त्याच्याच गाळ्यावर घालायचा, भावाला हूं की चूं करायचं नाही. म्हणजे झाडावर अजून न धरलेला आंबा गहाण टाकून मी बचत चालू ठेवली. जानेवारीचा हप्ता गेला, फेब्रुवारीचाही गेला. कर्ज काढून सण साजरे करणारे मी पाहिलेत, कर्ज काढून काटकसर करणारा आमच्या पंचक्रोशीत मी पहिलाच.

पण खरी गोम पुढेच होती. डिसेंबरच्या त्या फोनवर भाच्याने मला शेअर बाजार समजावून सांगितला होता, फंडातले पैसे तिथेच लागतात म्हणून. "मामा, बाजार पडला की घाबरायचं नाही. उलट खूश व्हायचं. तेच तीन हजार, पण युनिटं, म्हणजे फंडातले वाटे, जास्त मिळतात. पडेल तेवढं चांगलं!"

आमच्या तीन पिढ्यांनी बाजार चढावा म्हणून नवस केले. वाशीत भाव पडला की आमच्याकडे त्या रात्री माशांची आमटी होत नाही, पेज होते. आणि आता बाजार पडला तर पेढे वाटायचे? मला बाजूला बसवून त्याने उदाहरणही दिलं असतं, पण मी आधीच एक बनवलं होतं. आंबा विकताना मी मी असतो आणि युनिटं घेताना मी म्हणजे ते दादरचं गिऱ्हाईक, जे पेटीला हात न लावता "मेच्या शेवटी घेऊ, उतरेल भाव" म्हणून निघून जातं. त्या गिऱ्हाइकाला मी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत.

त्याच महिन्यात गावच्या देवळात जत्रा होती. नारळ ठेवायला गेलो. गावकर गाऱ्हाण्याला उभे, मागे मानकरी 'व्हय म्हाराजा' म्हणायला. माझी पाळी आली.

"काय सांगूचा?" गावकरांनी विचारलं.

आता सांगायचं काय? आंब्यासाठी बाजार चढू दे म्हणावं तर एसआयपीचं नुकसान. मागे रांग लागली होती. आंब्याचं तर दरवर्षी सांगतोच, यंदा नवं आधी सांगू, अशा विचाराने मी पुटपुटलो, "बाजार जरा पडू दे, म्हणजे..."

पुढचं राहिलंच. गावकरांनी नारळ हातात घेऊन सूर लावला होता.

"बा देवा म्हाराजाऽऽ! ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. तेचा काय बाजाराचा मागणा आसा. बाजार पडाक व्हयो म्हणता, तर तो पाड रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

इतक्या जोरात 'व्हय' मी माझ्या लग्नाच्या गाऱ्हाण्यालाही ऐकलं नव्हतं.

23 मार्च 2020. सेन्सेक्स एका दिवसात 3934 अंशांनी आपटला, तेरा टक्के. दोन दिवसांनी पाडवा. पाडव्याला आमच्याकडे पेट्या भरायची लगबग असते, पेंढ्याचा वास, खिळ्यांची ठोकठोक. त्या पाडव्याला देश बंद. गाडी मिळेना, मिळाली तर पास मिळेना, वाशीला माल घेणार कोण ते कळेना. झेल्यातून उतरवलेला आंबा पडवीत पसरून आम्ही त्याच्याकडे बघत बसलो. दोन्ही बाजार पडले होते. एक टेलिव्हिजनवर, एक पडवीत.

भाच्याचा फोन: "मामा, युनिटं काय स्वस्त झालीत! हीच वेळ!"

वेळ होती, पैसे नव्हते. 5 मार्चचा हप्ता परत गेला होता, 5 एप्रिलचा परत गेला, 5 मेचाही परत गेला. तीन. युनिटं स्वस्तात स्वस्त होती तेव्हाच माझी एसआयपी मेली. पुढच्या फेब्रुवारीत सेन्सेक्स पन्नास हजारांच्या वर गेल्याचं मी पेपरात वाचलं. वाचून घडी घातली आणि त्यात कोकमं वाळत घातली.

आंबा शेवटी भाच्यानेच विकला. त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले, टेम्पोला पास मिळवला आणि तोंडाला मास्क लावून आयटीतल्या माणसाने गेटवर पाच-पाच डझनांच्या पेट्या स्वतः उतरवल्या. लोकांनी मोबाइलवरून माझ्या खात्यात पैसे पाठवले. त्यातून बँकेने आधी आपले थकलेले दंड उचलले.

"मामा," दमून तो म्हणाला, "खरं तर तुमच्यासाठी दुसरं बरं. आंब्याचे पैसे आले की एकरकमी लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायच्या फंडात, टाकायचे. तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या फंडात जाते. बँकेत शिल्लक लागत नाही, दंड नाही."

"हे मागच्या मेमध्ये का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

जूनमध्ये पहिल्या पावसाला गावकर भेटले. बांधावर चार हात अंतर ठेवून उभे, तोंडाला पंचा. मी म्हटलं, दादा, गाऱ्हाणं जरा जास्तच लागलं. त्यांनी पंचा खाली केला.

"देवाक दोष देव नको. बाजार पाड म्हणालंस, पाडल्यान. खंयचो बाजार, तां तू सांगूक नायस."