लाल डोळ्याला डॉक्टर लागत नाही? फिरत्या मजकुराचा मुद्देसूद प्रतिवाद

“डोळा लाल झाला म्हणून घाबरू नका, डॉक्टरकडे धावू नका” असं सांगणारा एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. त्याचं सांगणं थोडक्यात असं: डोळे येणं नजरेतून पसरतं, म्हणून काळा चष्मा लावा; घरात उरलेले अँटिबायोटिक थेंब टाका; तरी लाली राहिली तर लाली घालवणारे थेंब वापरा; डोळ्यातून पाणी वाहत असेल तर तो कोरडा असूच शकत नाही; कचरा गेला तर रुमालाच्या टोकानं काढा; मध किंवा गुलाबपाणी सर्वांत सुरक्षित; आणि काहीही असलं तरी चार दिवस वाट पाहा.

धीर देण्याचा हेतू चांगला आहे, आणि एक गोष्ट खरीही आहे: बहुतेक लाल डोळे फारशा औषधाविना बरे होतात. पण उरलेल्यांपैकी काहींत एका दिवसाचा उशीरही नजर घेऊन जातो, आणि ते डोळे बाकीच्यांहून जास्त लाल असतातच असं नाही. मजकूर लालीकडे पाहायला सांगतो. पाहायचं असतं ते दुखण्याकडे, उजेडाच्या त्रासाकडे आणि नजरेकडे.

आधी लालीविषयी

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पडदा असतो, नेत्रश्लेष्मला. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्या की डोळा लाल दिसतो. धूळ, विषाणू, ॲलर्जी, कॉर्नियावरची जखम, डोळ्याच्या आतली सूज, कारण काहीही असो, त्या फुगतातच. बुबुळावरचा पारदर्शक कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, पण मज्जातंतू अतिशय दाट असतात. म्हणून तिथली जखम आधी जाणवते ती कळ, उजेड सहन न होणं, पाणी आणि धूसर दिसणं यांतून. ती खोलवर जाऊन व्रण ठेवून भरली तर फूल, म्हणजे कायमचा पांढरा डाग, पडतं, आणि ते कोणत्याही थेंबानं जात नाही.

लाली किती फसवी असते हे एका उदाहरणानं कळेल. खोकला, शिंक किंवा उलटीच्या जोरानं पडद्याखालची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि पांढऱ्या भागावर रक्ताचा ठसठशीत लाल डाग पसरतो. पाहणारा घाबरतो, पण डोळा दुखत नाही आणि नजरही नीट असते. हा डाग दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. रक्तदाब तपासून घ्यावा, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं, एवढंच. (मार लागल्यावर असा डाग दिसला तर मात्र लगेच तपासणी हवी.) याच्या उलट, अचानक चढलेल्या काचबिंदूत लाली मध्यम असते, पण डोळा आणि अर्धं डोकं ठणकतं, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात, उलट्या होतात. तिथे काही तासांत डोळ्यातला दाब उतरवला नाही तर दृष्टीची नस कायमची दुखावते.

घरी करता येईल अशी एक साधी चाचणी आहे. चष्मा असेल तर तो लावूनच, एका वेळी एक डोळा तळहातानं झाका, दाबू नका, आणि नेहमीच्या अंतरावरचा तोच मजकूर आळीपाळीनं दोन्ही डोळ्यांनी वाचून पाहा. धूसर दिसलं तर पाच-सहा वेळा पापण्या मिटून उघडा. त्यानं स्वच्छ दिसू लागलं तर बहुधा पाणी किंवा चिपडं आड आली होती. नाही दिसलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

“नजरेतून पसरतं, काळा चष्मा लावा”

पाहिल्यानं काहीही पसरत नाही. साथीत येणारे डोळे बहुतेक वेळा ॲडेनोव्हायरसमुळे येतात. हा विषाणू डोळ्याच्या पाण्यातून हाताला, हातावरून टॉवेल, उशीचा अभ्रा, दाराची मूठ, फोन यांवर, आणि तिथून दुसऱ्याच्या हातानं दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. कोरड्या पृष्ठभागावर तो अनेक दिवस टिकतो. काळ्या चष्म्यानं उजेडाचा त्रास कमी होतो, संसर्ग अडत नाही. उलट, चष्मा लावला म्हणजे काळजी घेतली असं वाटून हात धुवायचे राहतात, हे खरं नुकसान.

साबण लावून किमान 20 सेकंद हात धुणं हा यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय. अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर विसंबू नये, ॲडेनोव्हायरसवर त्याचा भरवसा कमी. टॉवेल वेगळा, अभ्रा रोज बदललेला, थेंबांची बाटली एकाचीच. डोळा पुसायला एकदा वापरून टाकायचा कापूस घ्यावा. दुखणं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढलेलं वाटतं, तेवढ्यात दुसरा डोळाही येतो, आणि पूर्ण बरं व्हायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. पाणी आणि लाली आहे तोवर, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, संसर्ग पसरू शकतो. थंड पाण्याच्या घड्या आणि संरक्षक द्रव्य (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब यांनी आराम पडतो. लाली ओसरत असताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नजर धूसर होऊ लागली किंवा दिवे फुटल्यासारखे दिसू लागले, तर कॉर्नियावर बारीक ठिपके आलेले असू शकतात. ते डॉक्टरांनीच पाहायला हवेत.

“उरलेले अँटिबायोटिक थेंब टाका”

सगळ्या मजकुरात सर्वांत घातक ओळ हीच. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि ॲलर्जीवरही नाही. ॲलर्जीची खूण म्हणजे खाज: दोन्ही डोळ्यांना, कधी शिंकांसोबत, तार सुटेल असा चिकट स्राव. त्यावर थंड घड्या आणि अँटिहिस्टामिन थेंब लागतात, आणि डोळे न चोळणं त्याहून महत्त्वाचं. वर्षानुवर्षं जोरात चोळणाऱ्यांत कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा धोका वाढतो. जिवाणूंमुळे आलेल्या डोळ्यांत दिवसभर पिवळा-हिरवा दाट पू येतो. तिथे अँटिबायोटिकनं दुखणं लवकर आटपतं, तरी सौम्य संसर्ग सात ते दहा दिवसांत आपणही बरा होऊ शकतो.

मात्र घरात उरलेल्या बाटलीत काय आहे, हा खरा प्रश्न आहे. अनेक थेंबांत अँटिबायोटिकसोबत स्टिरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमेथोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड. ते टाकल्यावर एका दिवसात लाली उतरते, बरं वाटतं, आणि तिथेच घात होतो. कॉर्नियावर हर्पीस या विषाणूचा संसर्ग असेल, किंवा पान, काडी, माती लागून बुरशी रुजली असेल, तर स्टिरॉइड डोळ्याचा प्रतिकार दाबून टाकतं आणि संसर्ग खोल जातो. वरून डोळा शांत, आत व्रण वाढतो आहे, अशी स्थिती होते. महिनोन्महिने वापरलं तर मोतीबिंदू होऊ शकतो, आणि काहींत अवघ्या काही आठवड्यांत डोळ्यातला दाब चढून काचबिंदू सुरू होतो. अशा हळूहळू चढणाऱ्या काचबिंदूचं सुरुवातीला काहीच जाणवत नाही. स्टिरॉइड थेंब हे उत्तम औषध आहे, पण स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, कॉर्निया पाहून झाल्यावर, ठरलेल्या दिवसांसाठी, दाब तपासत.

डोळा सुन्न करणाऱ्या थेंबांबद्दलही हेच, किंबहुना जास्त कडक. ते तपासणीपुरते असतात. घरी वारंवार टाकले तर कॉर्नियाची जखम भरत नाही आणि तो विरघळत जातो.

उघडलेली बहुतेक बाटली चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते. तोवर तिच्या तोंडाला पापणी लागली असेल तर आत जंतू गेले असं समजा.

थेंब टाकण्याची रीत इथेच सांगणं बरं, कारण चांगलं औषधही चुकीच्या हातानं वाया जातं. हात धुवा, मान मागे करा, खालची पापणी खाली ओढून खोबण करा, बाटलीचं तोंड कुठेही न टेकवता एकच थेंब सोडा. थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं. दुसरा थेंब गालावरच जातो. मग डोळा अलगद मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटानं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या; मलम सर्वांत शेवटी.

“लाली घालवणारे थेंब वापरा”

नाफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन यांसारखी औषधं रक्तवाहिन्या आकसवतात. कारण तसंच राहतं, फक्त दिसत नाही. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त वापरलं तर औषध उतरताच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, आणि मग थेंबाशिवाय डोळा पांढरा राहीनासा होतो. लहान मुलाच्या पोटात हे थेंब गेले तर झापड येते आणि श्वास मंदावतो, म्हणून बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

“पाणी वाहतंय म्हणजे डोळा कोरडा नाही”

अश्रूंचा थर नुसता पाण्याचा नसतो. कॉर्नियाला चिकटून श्लेष्म, त्यात मिसळलेलं पाणी, आणि वर पापण्यांच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींनी पसरलेलं तेल. तेल कमी पडलं की थर लवकर फाटतो, उघड्या जागेला वारा झोंबतो आणि डोळा प्रतिक्रिया म्हणून पाण्याचा लोंढा सोडतो. त्या पाण्यात तेल नसल्यामुळे तेही टिकत नाही. चुरचुरणं, वाळू गेल्यासारखं खुपणं, संध्याकाळी वाढणारा त्रास, पापणी लवली की क्षणभर स्वच्छ दिसणं ही याची लक्षणं. मोबाइल-संगणकाच्या पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून तेव्हा त्रास वाढतो.

उपाय आहे, पण चिकाटीचा. स्वच्छ कापड हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा. कापड मिनिटा-दोन मिनिटांत गार होतं, ते पुन्हा गरम करायला हवं. नंतर वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, कडेकडे हलकेच चोळा आणि पापण्यांच्या केसांची मुळं स्वच्छ पुसा. रोज एक-दोनदा, किमान काही आठवडे. कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर संरक्षक द्रव्य नसलेले घ्यावेत. रांजणवाडीलाही हाच शेक, दिवसातून तीन-चार वेळा. ती फोडायची नाही. तिच्यासोबत सगळी पापणी सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखलं किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर संसर्ग डोळ्यामागच्या खोबणीत उतरला असू शकतो. तेव्हा थेट रुग्णालय.

“कचरा रुमालाच्या टोकानं काढा”

कापडाचं टोक कॉर्नियाचा वरचा थर सहज खरवडतं. वरची पापणी ओढून खालच्या पापणीच्या केसांवर आणा आणि सोडा, किंवा स्वच्छ पाण्याची संथ धार सोडा. कण निघूनही पापणी मिटताना खुपत असेल तर तो वरच्या पापणीच्या आत अडकला आहे किंवा ओरखडा पडला आहे, दोन्हींसाठी तपासणी हवी. लोखंडाचा कण रुतला तर काही तासांतच त्याभोवती गंजाचं कडं धरू लागतं. छिन्नी-हातोड्याचं किंवा ग्राइंडरचं काम करताना काही उडालं असेल तर कळ नसली तरी जा. बारीक तुकडा डोळ्याच्या आत गेलेला असू शकतो. अशा डोळ्यावर दाब द्यायचा नाही, पाणी मारायचं नाही, डोळ्याला न लागता भोवतीच्या हाडावर कपाची कड टेकवून तसंच जायचं.

चुना, सिमेंट, नळी साफ करायचं रसायन, आम्ल उडालं तर नियम उलटा: आधी पाणी, मग रस्ता. पहिल्या क्षणापासून किमान 20 ते 30 मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, डोळा सगळ्या दिशांना फिरवत धुवा. लेन्स असेल तर धुता धुता काढा. आम्लावर सोडा, अल्कलीवर (चुन्यासारख्या क्षारावर) लिंबू असले प्रयोग नकोत. अल्कली पेशी विरघळवत आत आत जाते, म्हणून ती आम्लापेक्षा वाईट.

“मध, गुलाबपाणी सुरक्षित”

बाटलीतलं गुलाबपाणी किंवा घरातला मध निर्जंतुक नसतो. ओरखडा असलेल्या कॉर्नियावर तो टाकणं म्हणजे जंतूंना वाट करून देणं.

“चार दिवस वाट पाहा”

ही मुदत फक्त एका प्रकारच्या डोळ्याला लागू पडते: दुखत नाही, नजर नीट आहे, उजेड सोसतो, लेन्स नाही, मार नाही. तो डोळा आठवडाभरात सुधारू लागला नाही तर दाखवावा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखला तर चार दिवस काय, एक रात्रही थांबू नये. मजकुरात लेन्सचा उल्लेखच नाही, ही त्याची मोठी उणीव. लेन्स घालून झोपल्यावर स्युडोमोनास हा जिवाणू शिरला तर 24 ते 48 तासांत कॉर्निया वितळवू शकतो. नळाच्या किंवा पोहण्याच्या पाण्यातून अकँथअमिबा हा एकपेशीय जीव येतो. त्याची वेदना दिसणाऱ्या लालीच्या मानानं कितीतरी जास्त असते. लेन्स ताबडतोब काढा, फेकू नका; ती आणि तिची डबी तपासणीला सोबत न्या, त्यातूनच जंतू ओळखता येतो.

त्याच दिवशी जायला लावणारी आणखी लक्षणं: नजर मंदावणं, झोपमोड करणारी वेदना, उजेडात डोळा उघडता न येणं, बुबुळावर पांढरा ठिपका, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणं, पुसताच पुन्हा भरणारा पू, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागिणीचे फोड, आणि अलीकडे शस्त्रक्रिया झालेला डोळा. 28 दिवसांच्या आतल्या बाळाच्या डोळ्यात पू किंवा लाली दिसली तर त्याच तासाला निघायचं.

जाताना टाकलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या बरोबर घ्या, त्रास कोणत्या डोळ्याला आधी आणि कधी सुरू झाला ते लिहून ठेवा, चष्मा न्या, आणि गाडी स्वतः चालवू नका, कारण तपासणीसाठी बाहुली मोठी करणारं औषध टाकलं तर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांवर येतो.