कुंपणापलीकडचं चितळ : तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तुम्ही तिघं ह्यूस्टनहून टेक्ससमधल्या जंक्शन गावाजवळच्या आमच्या रँचवर शिकारीला आलात आणि घरी पोचल्यावर एक तारा दिलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पैसे मोजूनही व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं इथलं हरीण) मारू दिलं नाही, जखमी चितळ कुंपणापलीकडे गेलं तेव्हा तीन तास अडवून धरलं, फाटकावर एअरपोर्टसारखी चौकशी केली आणि ‘मराठी माणूस म्हणून विश्वासाने गेलो, तर हा अमेरिकनांपेक्षा कडक निघाला.’ शेवटचं वाक्य मी तक्रारीत धरत नाही. बाकीच्याचं उत्तर देतो, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून पुढचे पाहुणेही तेच विचारायला लागलेत.

आधी व्हाइटटेल. तुमच्या बुकिंगच्या मेसेजमध्ये ‘चितळ, मादी, एक’ एवढंच आहे. आमच्या जमिनीवरच्या व्हाइटटेलच्या शिकारीची लीज सबंध सीझनसाठी सॅन अँटोनिओच्या एका ग्रुपकडे आहे. मचाणं त्यांनी बांधलीत, फीडरमध्ये मका तेच भरतात. ओढ्याकडच्या फीडरखाली तुमच्या पुतण्याला जो आठ टोकांच्या शिंगांचा नर दिसला, त्याला ते लोक मुद्दाम वाढू देताहेत. जमीन माझी असली तरी तो हक्क मी आधीच दिलेला आहे. तोच पुन्हा तुम्हाला कसा विकू?

आणि ही लीज नसती तरी पुतण्याला नाहीच म्हणालो असतो. तो न्यू जर्सीचा. त्याच्याकडे होता परराज्यातल्यांसाठीचा पाच दिवसांचा, ४८ डॉलरचा परवाना. तो चितळाला चालतो, व्हाइटटेलला नाही. त्यासाठी ३१५ डॉलरचा पूर्ण परवाना लागतो आणि जनावर पडल्याबरोबर त्याला लावायचा टॅगही त्याच परवान्याबरोबर मिळतो. दुकानातल्या पोराने ‘हरणाला चालतं’ म्हणून सांगितलं असेल, पण गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे कायदे बघणारा सरकारी अधिकारी, ते ऐकून घेणार नाही.

चितळाची गोष्ट वेगळी. ते आपल्याकडचं जनावर, टेक्ससमध्ये १९३२ च्या सुमारास आणलेलं. इथल्या कायद्याच्या लेखी ते परदेशी, त्यामुळे खासगी जमिनीवर त्याला ना बंदीचा मोसम, ना संख्येची मर्यादा. शिकाऱ्याचा परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की झालं. म्हणून तर आम्ही एका-दोन दिवसांसाठी चितळच देतो. (भारतात त्याच्या शिकारीला जेल आहे, हे तुम्ही रात्री शेकोटीपाशी तीनदा सांगितलंत. बरोबर आहे. म्हणून इथे काहीही चालतं असं मात्र नाही.)

आता कुंपण. तुमची गोळी लागली तेव्हा सूर्य मावळला होता, पण उजेड होता, शिकारीची वेळ संपली नव्हती. मादी सिडारच्या झाडीत शिरली. दोन बुंध्यांवर गुडघ्याच्या उंचीवर रक्त होतं, काटेरी तारेच्या सगळ्यात खालच्या ओळीला केसांचा झुबका अडकलेला होता आणि ती पलीकडे मोकळ्यात उभी दिसत होती. तुम्ही रायफल परत खांद्याला लावलीत आणि मी नळी खाली करायला लावली. याचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलेला दिसतो. पण टेक्ससमध्ये माणसाने तर नाहीच, गोळीनेसुद्धा हद्द ओलांडायची नसते. दोन्हीकडच्या मालकांत लेखी करार असेल तर गोष्ट वेगळी, आणि आमचा तसा करार नाही. जखमी जनावरामागे जायचं तरी शेजाऱ्याची परवानगी लागते. त्याच्या खांबांवरचे जांभळे पट्टे तुम्हाला शोभेचे वाटले. किमान आठ इंच लांब, एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर मारलेला उभा जांभळा पट्टा म्हणजे इथे ‘प्रवेश बंद’, पाटीइतकाच कायदेशीर.

शेजारी त्या संध्याकाळी मुलाच्या फुटबॉलच्या प्लेऑफला गेला होता. त्याने फोन उचलला तो मॅच सुटल्यावर. ‘जा, पण रायफल गाडीत ठेवा आणि फाटक लावून घ्या,’ एवढंच म्हणाला. मग टॉर्च घेऊन आपण चौघं गेलो, मादी तारेपासून फार लांब नव्हती, थंडीमुळे मांसही उत्तम राहिलं होतं. हे सगळं रिव्ह्यूत आलेलं नाही. फक्त तीन तास आलेत. जनावर तडफडत असताना थांबणं तुम्हाला जड गेलं, तसं मलाही गेलं. पण मी तेव्हा उडी मारली असती, तर पुढच्या वेळी त्याने फोनच उचलला नसता.

तुम्ही लिहिलंय, ‘पैसे भरले म्हणजे दोन दिवस जमीन आमचीच.’ अहो, शेतात हुरड्याला बोलावलं म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही. पैसे जमिनीवर येण्याचे आणि एका जनावराचे होते.

फाटकावरच्या चौकशीबद्दल. तुमचा मित्र एच-वन-बीवर आहे. अशा व्हिसावरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक हातात धरता येत नाही. जवळ शिकारीचा वैध परवाना असेल तर येते. म्हणजे त्याच्या बाबतीत तो कागद निव्वळ शिकारीपुरता नाही. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचा, दाखलाही लागतो, म्हणून तोही मागितला. सगळ्यांकडे मागतो.

पैसे परत करणार नाही. ठरलेलं जनावर मिळालं, तुम्ही घेऊनही गेलात.

पुतण्याला व्हाइटटेलच हवं असेल तर पूर्ण परवाना काढून घ्या आणि सीझनची लीज उन्हाळ्यातच बघा. आमच्याकडे जागा नाही, पण दोन शेजाऱ्यांकडे विचारून देईन. मालकाची कटकटच नको असेल तर सार्वजनिक जमिनीवर शिकारीसाठी सरकारचं वर्षाचं पब्लिक हंटिंग परमिट ४८ डॉलरला मिळतं. टेक्ससमधली साधारण ९५ टक्के जमीन खासगी आहे, त्यामुळे उरलेल्यात गर्दी असते, एवढं धरून चाला. फोन करायचा तर दुपारी करा, सकाळ-संध्याकाळ आम्ही रानात असतो आणि तिथे रेंज नाही.