मुंबई-न्यूयॉर्क विमानाचा ‘वळसा’: फिरत्या निरोपाचा प्रतिवाद

नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक निरोप फिरतो आहे. न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला असूनही विमान कंपन्या भाडे वाढवण्यासाठी उत्तर ध्रुवाच्या बाजूने वळसा घालतात. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे जाताना कमी वेळ लागायला हवा, पण लागतो जास्त. आणि तिकिटावर मात्र जेमतेम पाच तासच दिसतात, असे त्यात म्हटले आहे. मुले अमेरिकेत असलेले कितीतरी आईवडील आपल्या शहरात आहेत. पहिल्यांदाच निघालेल्या माणसाच्या मनात असे काही भरवले, की आसनासमोरच्या पडद्यावरील नकाशा पाहून त्याचा जीव टांगणीला लागतो.

वळशाचा आरोप भिंतीवरच्या सपाट नकाशावर उभा आहे. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरे न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. ढिला असताना पश्चिमेकडे लोंबणारा दोरा ताणताच वर सरकतो आणि रशिया, नॉर्वे, आइसलंड ओलांडून, जवळजवळ 65 अंश उत्तर अक्षांशाला स्पर्श करून खाली उतरतो. हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर भरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ मात्र गोलावर सुमारे 14,200 किलोमीटरची होते. म्हणजे निरोपातला ‘सरळ’ मार्गच 1,700 किलोमीटरने लांबचा आहे. खरा वळसा कधीकधी पडतो, हे मान्य केले पाहिजे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्या विमानांना तो पडलाच. पण त्यामागे भाडे वाढवण्याचा डाव नव्हता.

पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो जास्त दिशाभूल करतो. नाशिकची जमीन ताशी सुमारे 1,570 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते, हे खरे. पण तिच्यावरची हवाही तिच्याबरोबरच सरकते. तसे नसते तर येवल्यात संक्रांतीला पतंगच काय, घरांची छपरेही टिकली नसती. धावत्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये वर उडवलेला शेंगदाणा मागच्या बाकावर जात नाही, आपल्याच हातात पडतो. विमानाचेही तसेच आहे. जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पडतो तो मुख्यतः 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे. विमानाचा हवेतला वेग ताशी 900 किलोमीटर आणि वाटेतल्या वाऱ्याची सरासरी ताशी 50 किलोमीटर धरली, तरी जाताना पावणेपंधरा तास लागतात आणि येताना सव्वातेरा.

राहिले ‘पाच तास’. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. हिवाळ्यात रात्री दोनला मुंबईहून निघालेले विमान तिथे सकाळी सातला उतरले, तर प्रवास साडेपंधरा तासांचा झाला. न्यायला येणाऱ्या मुलाला सकाळी सातची वेळ कळवावी. नाशिकला फोनची वाट पाहणाऱ्यांनी मात्र संध्याकाळचे साडेपाच वाजून जाईपर्यंत काळजी करू नये.